अण्णांची जिप्सी: इंजेक्शन कंपनीचं की बाहेरचं?

गावाकडे दवाखान्यात गेलेल्या माणसाचं नुसत्या गोळ्यांवर समाधान होत नाही. सुई टोचली की मगच त्याला डॉक्टर बरा वाटतो. अण्णा गेल्या मे महिन्यात नाशिकमधल्या माझ्या सातपूरच्या गॅरेजमध्ये जिप्सी घेऊन आले ते असेच. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिला इंजेक्शन बसवून द्या. कार्बोरेटरला कंटाळलो." कार्बोरेटर हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळतो; इंजेक्शनमध्ये तेच पेट्रोल इंजेक्टर मोजून फवारतात आणि किती ते कॉम्प्युटर ठरवतो.

गाडी म्हणजे १९९८ची मारुती जिप्सी किंग. १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर. पासिंग एमएच १५, पहिल्यापासून एकच मालक. अण्णांची उगावजवळ द्राक्षबाग आहे. गाडी रोज बांधावरून फिरते आणि महिन्यातून एक-दोनदा कसारा घाट उतरून मुंबईला जाते. तक्रारी तीन होत्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चोक ओढून ओढून हात दुखतो तरी ती सुरू होत नाही. निफाडची थंडी काय असते ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी पेपरात छापून येतो, त्यावरून सगळ्यांना माहीत आहे. दुसरी तक्रार अशी की पाय दाबल्यावर गाडी आधी दचकते, मग पळते. तिसरी, उन्हाळ्यात घाट चढून वर चहाला थांबलं की अर्धा तास सुरूच होत नाही.

"गोडी छाटणीच्या आत गाडी हवी," एवढी एक अट. ही द्राक्षाची फळांसाठीची छाटणी, म्हणजे ऑक्टोबर. वेळ भरपूर होता, म्हणून मी इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवला आणि गाडी दोन दिवस ठेवून घेतली.

कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा आपल्या भोकात खुळखुळत होता. चालू इंजिनवर तिथे क्लीनर मारला की आरपीएम बदलायचे, म्हणजे तिथून फुकटची हवा आत जात होती. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारा, पडदा फाटलेला. पेट्रोलचा रबरी पाइप एक्झॉस्टच्या इतका जवळून गेलेला की घाटावर चहा पिताना आत काय उकळत असेल ते कळायला इंजिनीअर व्हायची गरज नाही. पाय दाबल्यावरचं दचकणं आणि घाटातलं रुसणं, यातलं बरंचसं इथेच सापडलं.

उरलेलं पंपावर सापडलं. १९९८ साली ही गाडी ज्या पेट्रोलवर सेट झाली त्यात इथेनॉल नव्हतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पूर्वीइतकंच तेल येतं, त्यामुळे इंजिनला मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ मिळतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर असल्यामुळे हवा थोडी विरळ आहे, आणि विरळ हवेत कार्बोरेटर मिश्रण तीनेक टक्के घट्ट करतो. तेवढी भरपाई नाशिकने फुकट दिली होती. मुंबईत मात्र ती मिळत नाही. अण्णांचा येवल्याकडचा चुलतभाऊ आता मका इथेनॉलसाठी विकतो, त्यामुळे या विषयावर त्यांच्या घरात एकमत नाही.

यावर स्वस्त उपाय होता. दांड्याला नवीन बुश, मेन जेट व्यासाने चारेक टक्के मोठा, नवा पडदा, इथेनॉल सोसणारे पाइप आणि पाइपची वाट बदलणं. मी तेच सांगणार होतो. कागदावर लिहूनही काढलं होतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजलं.

तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या वर. तिसऱ्या नंबरचा १२८. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर तोच १५५वर गेला. ऑइलने आकडा वर जातो म्हणजे गळती व्हॉल्व्हची नाही, रिंगांची. इंजिन उघडावं लागणार हे तिथेच ठरलं, आणि प्रश्नाचं तोंडच फिरलं. आता कार्बोरेटरचा खर्च, इंजेक्शनचा खर्च आणि इंजिन उतरवण्याचा खर्च एकाच पाटीत आले होते. थकलेल्या इंजिनावर नवं किट चढवणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं, हे अण्णांनाही पटलं.

अण्णांचा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो लॅपटॉप घेऊनच आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: मामाचं इंजिन बोअर करून रिंगा टाका, त्यावर थ्रॉटल बॉडी, चार इंजेक्टर आणि स्पीडुइनो बसवा. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा या छोट्या बोर्डवर चालणारा खुला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे. त्याचा आराखडा आणि प्रोग्राम सगळ्यांना खुला असतो, बोर्ड स्वस्तात तयार होतो आणि सेटिंग लॅपटॉपवरून करता येतं. इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून तो हिशेब करतो आणि त्या क्षणी इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. इथेनॉलचं प्रमाण बदललं, उंची बदलली तरी आकडे बदलता येतात. इंजिन तेच, इंजिन नंबर तोच, आरटीओची कटकट कमी. मुद्दे खोडण्यासारखे नव्हते.

अमेरिकेत याचीच तयार पेटी मिळते. कार्बोरेटर काढायचा, त्याच जागी इंजेक्टर आणि ईसीयू एकाच डब्यात असलेली थ्रॉटल बॉडी ठोकायची. पण ती किट्स मुख्यतः पाच-पाच लिटरच्या व्ही-आठ इंजिनांसाठी बनतात. १३०० सीसीच्या जिप्सीला ती म्हणजे वांग्याच्या भरतासाठी गावजेवणाची कढई. इंजेक्टर इतके मोठे की आयडलला ते नीट उघडायच्या आधीच मिटायची वेळ येते. तो पर्याय पाच मिनिटांत संपला.

स्पीडुइनोचा मात्र संपला नाही, कारण तो मलाही हवा होता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे होता ते ध्यानात राहील. माझ्या स्वतःच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या ८००वर मी हाच प्रयोग केला आहे. तीन सिलिंडर, क्रँक पुलीवर ३६ दातांतला एक काढलेलं चाक, त्याच्यासमोर क्रँक कुठे आहे ते मोजणारा सेन्सर. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पेढे वाटले. त्यानंतरचे आठ महिने मी इंधनाच्या तक्त्यात जगलो. हा तक्ता सोळा बाय सोळा, म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घरात एक आकडा: एवढे आरपीएम, एवढा दाब, तर एवढं तेल. यातली निम्मी घरं रस्त्यावर फिरून भरता येतात. थंडीतल्या पहिल्या दोन मिनिटांची घरं भरायला मात्र रोज एकच संधी मिळते, कारण इंजिन एकदा गरम झालं की पुन्हा थंड व्हायला रात्र जावी लागते. शिवाय पाय दाबल्यावर किती जास्त तेल द्यायचं, पाय सोडल्यावर किती तोडायचं, बॅटरीचा व्होल्टेज पडला की इंजेक्टर उघडायला किती उशीर होतो, याचे तक्ते वेगळे. कंपनी या कामासाठी थंड खोल्या आणि डोंगर वापरते आणि त्यावर माणसांचे महिने घालते. मी घातले ते रविवार. आजही ती गाडी बायको चालवत नाही. "तुझा लॅपटॉप सोबत असेल तरच बसते," असं तिने एकदा सांगितलं. ती ८०० आता शेडमध्ये आहे.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी करेन ना ट्यूनिंग." करेलही. पण पुढच्या वर्षी कॅम्पसमधून त्याला पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी लागली आणि जानेवारीत पहाटे बागेला पाणी सोडायला निघालेल्या अण्णांची गाडी सुरू झाली नाही, तर उगावातला मेकॅनिक काय करणार? त्याला स्पीडुइनोत काय भरलंय हे कसं कळावं? माझ्या मते निर्णयाचं पारडं इथे फिरलं. आकड्यांच्या तुलनेत फरक फार नव्हता.

कंपनीच्या बाजूला जिप्सीच्या बाबतीत एक सोय आहे. दिल्लीतल्या धुरावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये युरो मापदंड लवकर लागू करायला लावले आणि कंपन्यांना कार्बोरेटर घाईने सोडावा लागला. २००० साली जिप्सीलाही सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं, इंजिन मिळालं. तेच ७४ बाय ७५.५ मिलिमीटरचं माप, तेच १२९८ सीसी, पण ताकद ६०वरून ८० अश्वशक्तीवर. म्हणजे आपल्याला हवी ती गाडी कंपनीने स्वतःच बनवून, चालवून, २०१९पर्यंत विकली होती. हेड वेगळं असल्यामुळे तिचं मॅनिफोल्ड मात्र जुन्या आठ व्हॉल्व्हच्या हेडवर बसत नाही. त्यामुळे 'कंपनीचं इंजेक्शन' याचा अर्थ प्रत्यक्षात अख्खं इंजिन बदलणं असा होतो.

इथे गॅरेजवाले मारुतीच्याच एस्टीम कारचं इंजिन सुचवतात. एमपीएफआय एस्टीममध्येही याच कुळातलं इंजिन होतं आणि भंगारात ते स्वस्त मिळतं. पण एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, जिप्सीचं उभं. मग ऑइल पॅन, माउंट, मॅनिफोल्ड, वायरिंगची लांबी असा एकेक तुकडा जुळवत बसायचं. प्रत्येक जुळवाजुळवीत ते 'कंपनीचं' असण्याचा फायदा थोडा थोडा गळतो. शेवटी हातात उरतं ते अर्धं कंपनीचं, अर्धं माझं. त्यापेक्षा भाच्याचा स्पीडुइनो प्रामाणिक. म्हणून मी अण्णांना सांगितलं: एमपीएफआय जिप्सीच मिळाली तर करू, आणि पूर्ण गाडी मिळाली तरच. इंजिन, ईसीएम (कंपनीचा ईसीयू), वायरिंग लूम (तारांचा जुडगा), टाकी, टाकीतला पंप, एक्झॉस्ट आणि त्यातला ऑक्सिजन सेन्सर, सगळं एकाच गाडीतलं. नाही मिळाली तर भाच्याचा मार्ग.

देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर लष्कराच्या हिरव्या जिप्स्या पाहत मोठे झालेले लोक आम्ही, एखादी मिळेल असं वाटलं होतं. सहा आठवडे लागले. शेवटी एक खाजगी, बॉडी गंजून खचलेली, पण इंजिन धड असलेली २००६ची गाडी जुन्नरकडे सापडली. घेण्याआधी तिचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहाच्या आत.

इंजिन उतरवण्याआधी आरटीओ. याचा क्रम उलटा करणारे बरेच भेटतात आणि नंतर एजंटाच्या मागे फिरतात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा वेगळी अशी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते आणखी घट्ट केलं. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि तो आरसीवर चढला नाही तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. आम्ही आधी अर्ज केला. डोनर, म्हणजे जिचं इंजिन घ्यायचं त्या जुन्नरच्या गाडीची कागदपत्रं, तिच्या नोंदणीचं काय झालं ते, खरेदीची पावती, दोन्ही इंजिन त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची असल्याचं, सगळं जोडलं. आमच्या प्रकरणात परवानगी मिळाली आणि काम झाल्यावर तपासणी होऊन नवा नंबर चढला. एस्टीमचं इंजिन किंवा भाच्याचा ईसीयू असता तर तिथे काय झालं असतं याचा अंदाज मी बांधणार नाही.

आता काम. इंजिन बसवणं हा त्यातला सोपा भाग होता. दोन दिवस. गिअरबॉक्सला ते न कुरकुरता बसलं. डोनरला ब्रेक बूस्टर होता, अण्णांच्या गाडीला नव्हता. २० अश्वशक्ती वाढवून ब्रेक जुनाच ठेवायला मी तयार नव्हतो, तोही बसवला.

वायरिंगने मात्र तीन आठवडे खाल्ले. उंदरांनी लूम दोन ठिकाणी कुरतडलेला होता आणि ईसीएममध्ये पाणी शिरून तो मेलेला होता. एका दुकानातून दुसरा मागवला, 'चालू आहे, टेस्ट केलाय' अशा हमीवर. तोही मेलेला. पैसे परत मिळायला बारा फोन लागले. तिसरा चालला. जुन्या मारुती एमपीएफआयची एक गोष्ट मला फार आवडते: डायग्नोसिसचं टर्मिनल अर्थिंगला जोडलं की चेक इंजिनचा दिवा मिचकावून कोड सांगतो. एक मिचक, थांबा, दोन मिचका, म्हणजे १२, सगळं ठीक. स्कॅनर नको, लॅपटॉप नको, एक तारेचा तुकडा पुरतो. हे उगावच्या मेकॅनिकला दहा मिनिटांत शिकवलं. त्याने वहीत कोड उतरवून घेतले.

आणि आता माझी चूक. अण्णांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणतात, मायकोत डिझेल नोझलच्या लाइनवर तीस वर्षं होते. कंपनीचं नाव कधीच बदलून बॉश झालं, पण नाशिककर अजून मायकोच म्हणतात आणि त्र्यंबक रोडवरचं सर्कलही मायको सर्कलच आहे. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते, त्यामुळे दादांना धुळीचा जुना राग. ते गाडीखाली वाकून म्हणाले, "टाकी बदलली, पंप बदलला. आणि ही लोखंडी लाइन?"

मी म्हटलं, "दादा, ही पेट्रोल गाडी आहे. इथे ३ बार प्रेशर, तुमच्यासारखे दोन हजार नाहीत. हवेने साफ केलीय, चालेल."

लाइन २७ वर्षांची होती. कार्बोरेटरच्या काळात तिच्यावर दाब जवळजवळ नव्हताच. आता तिच्यातून ३ बार दाबानं, परतीच्या वाटेनं सतत फिरणारं पेट्रोल जाणार होतं, आणि तेही इथेनॉलचं, जे जुना साका सोडवून वाहून नेतं. चौथ्या दिवशी अण्णा मुंबई रोडने निघाले आणि पांडवलेण्यांच्या पुढे चढाला गाडी गुदमरली. सपाटीला ठीक, चढाला पाय दाबला की जीव जायचा. गेज लावला. आयडलला २.९ बार आणि रेस केल्यावर १.४. फिल्टर कापला तर आत लाल गाळ, केळीच्या सालीसारखा चिकट.

लाइन टाकीपासून इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या रेलपर्यंत नवी ओढली, जाण्याची आणि परतीची दोन्ही. रबरी तुकड्यांना एसएई जे३०आर९ प्रतीचा पाइप लावला. कार्बोरेटरसाठी मिळणारा साधा पाइप दिसायला तसाच असतो, पण हा दाब त्याच्यासाठी नसतो. क्लिपाही बदलल्या, पट्टीला भोकं नसलेल्या, रबर न कापणाऱ्या. दादा सगळा वेळ खुर्चीवर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

या लाइनचं बिल मी अण्णांना लावलं नाही. तरीही एकूण खर्च, डोनर गाडी धरून, जुनं इंजिन बोअर करून भाच्याचा मार्ग घेतला असता त्यापेक्षा जवळपास दीडपट झाला. हा आकडा मी अण्णांपासून आधी लपवला नव्हता. त्यांनी एकच विचारलं होतं, "याच्यानंतर मला तुझ्याकडे किती वेळा यावं लागेल?"

गाडी सप्टेंबरच्या शेवटी, गोडी छाटणीच्या आधी गेली. पीयूसीला आयडलचा सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अर्ध्या टक्क्याच्या खाली आला. १९९८च्या गाडीला ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे मशीनवरच्या मुलाने दोनदा तपासला तर त्यात नवल नाही. ऑक्सिजन सेन्सरमुळे इथेनॉलचा फरक ईसीएम आपणच भरून काढतो. अ‍ॅव्हरेज कार्बोरेटरवर ९ होतं, ते साडेअकराच्या आसपास आहे. अण्णांना ते कमी वाटतं. जिप्सीला जास्त कुणी दिलंय, मला दाखवा.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निफाडला पारा घसरला त्या पहाटे साडेपाचला अण्णांचा फोन आला. मला धडकी भरली. ते काही बोलले नाहीत. फोन बॉनेटजवळ धरला, सेल्फ मारल्याचा आवाज आला, लगेच इंजिन धरलं, आणि फोन कट झाला.

जुनं आठ व्हॉल्व्हचं इंजिन भाचा घेऊन गेला. वडाळ्यातल्या एका मित्राच्या शेडमध्ये स्टँडवर ठेवलंय, बोअर करून आणलंय, आणि परवा तो माझ्या ८००च्या पुलीवरचं छत्तीस दातांचं चाक मागायला आला होता. दिलं.